एक हात खिशात

पेटी उघडली की डावा हात खिशात.
उजागरेकाकांच्या दुकानातला पहिला धडा,
सोल्डरिंगच्याही आधीचा.
बटण बंद, पिन काढलेली,
तरी आत कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट
दबा धरून.
दोन्ही हात घातलेस तर वाट छातीतून जाते, म्हणायचे,
एकच घाल. फार तर बोट भाजेल.

माझ्या ड्रेसला खिसा नव्हता.
दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं शिवून दिला,
निळ्या ड्रेसला खाकी खिसा.

लॅम रोडवर बेकरी आणि लष्करी शिंप्याच्या मधे
नऊ फुटांचं दुकान.
भिंतीला भोंगे टांगलेले,
एकात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं,
तेवढा भाड्यानं द्यायचा नाही असं ठरलेलं.

आणि तो ॲम्प.
काकांनी स्वतः बांधलेला, कॅम्पातल्या ऑर्केस्ट्रासाठी,
माझ्या जन्माआधी.
रिक्षाच्या सीटचं लाल रेक्झिन,
ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला, वेढे मोजत;
सतराशे बाराव्याला कुणीतरी हाक मारली
म्हणून पुन्हा एकपासून.
नाताळच्या डान्सला वाजला, भद्रकालीत गणपतीला वाजला,
एकदा मिरवणुकीत टेम्पोवरून पडून वाजतच राहिला,
असं काका सांगायचे. मी पाहिलेलं नाही.

त्याला एक गूं होता.
गिटार लावायच्या आधीच सुरू व्हायचा, तळाशी.
काढता आला असता.
राहू दे, म्हणायचे, एकलहऱ्याची वीज आहे,
एवढ्या लांबून आलीये, दोन शब्द बोलेल.
संध्याकाळी कारखान्यांची दुसरी शिफ्ट लागली
की वाल्वचा उजेड जरा मलूल व्हायचा
आणि काका घड्याळ न बघता चहा सांगायचे.

लकव्यानं डावा हात गेला तेव्हा
सिव्हिलच्या कॉटवर अर्ध्या तोंडानं म्हणाले,
बरं झालं,
आता खिशात ठेवायची आठवण नको.
हसलं कुणीच नाही. त्यांना राग आला.

परवा गंगापूरच्या अंगाला, द्राक्षांच्या मळ्यात
वाइनवाल्यांचा कार्यक्रम. जानेवारी, सात अंश.
ताई, साऊंडवाले कुठंयत?
मीच, म्हटलं.
गिटारवाला शार्विल म्हणून पोरगा, इंदिरानगरचा,
फोनमध्ये चाळीस जुन्या ॲम्पचे आवाज घेऊन फिरणारा,
लाल रेक्झिन बघून ओल्या मातीत गुडघ्यावर बसला.
बटण टाकलं. काही नाही.
बंद आहे का?
तापतोय.
निवेदिका घड्याळ बघते, मागे प्याले किणकिणतात.
मग काचेच्या पोटात तांबडं,
संत्र्याच्या बीएवढं, मग फोडीएवढं.
वाजवायच्या आधी बँडच्या चौघांनी
मागच्या जाळीवर हात शेकून घेतले.

आवाज आधी फाटला
आणि मग त्या फाटण्यातच मांडी घालून बसला.
शार्विलनं माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरकडे.

तिसऱ्या गाण्यात उजवा वाल्व लाल पडला.
बंद केला. मागचे स्क्रू काढले, दातात टॉर्च,
कंडेन्सर रिकामा केला, एक ठिणगी, छोटी.
टिनच्या डब्यात, गावकरीच्या पिवळ्या कागदात
शेवटचा वाल्व होता.
काकांच्या अक्षरात पेन्सिलनं: बरा.
चांगला नाही, बरा.

पुढच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं,
माज बघा बाईचा,
खिशात हात घालून काम करतेय.

खिशात मूठ होती, घामानं ओली.

बसवला. बटण टाकलं.
एकलहऱ्याची वीज इथवर येते का, मला माहीत नाही.
सगळे गप्प होते, थंडीनं असेल.
थांबा, म्हटलं.
आणि तळातून, कुणी तार छेडायच्या आधी,
गूं.